खुर्चीचा सैल खिळा

खुर्च्या बोलायच्या त्या काळातली ही गोष्ट. हल्ली माणसंच बसल्या बसल्या इतकं बोलतात, की खुर्च्यांना संधीच मिळत नाही.

चिंतोपंतांच्या जुन्या खुर्चीच्या फाटक्या गादीत एक उंदीरमामा राहायचे. एके दिवशी पंतांनी गादीवाल्याला बोलावलं. "लाकूड सागवानी आहे. नवी गादी बसवा."

"आत उंदीर आहे!" पंतांच्या पत्नी द्वारकाबाई कडाडल्या. "नवी गादीही कुरतडेल मेला. त्यापेक्षा फोडा ती खुर्ची नि बंबात घाला!"

खुर्ची थरथरली. "मामा, आता काय हो करायचं?"

"मी गेलो तर तू वाचशील."

"पण दारात मांजर बसलीय!"

"तुझ्या कापसात झोपा काढून पायांत भरपूर बळ साठलंय," म्हणत मामांनी सगळ्यांदेखत उडी मारली आणि मांजरीच्या मिशांना वारा घालत ते अंगणात पसार झाले.

"गेला एकदाचा!" बाई हसल्या. "बसवा गादी."

नवी गादी झकास बसली. गादीचा मागचा एक खिळा मात्र सारखा सैल व्हायचा आणि तिथे फट पडायची. पंत तो ठोकायचे आणि त्यांची पाठ वळली की खुर्ची तो पुन्हा सैल सोडायची. थंडी जवळ आली होती आणि मामा अजून बाहेरच होते.