हिरव्या पालीचे उभे घर

एकदा एक गलबतवाला व्यापारी दक्षिणेकडच्या एका दूरच्या बेटावरून दोन पाली घेऊन आपल्या किनाऱ्याला लागला. मिरी-लवंगा आणणारे पुष्कळ असतात. पाली आणणारा हा पहिलाच. परंतु त्या आपल्या आढ्यावरच्या पाली नव्हेत. आपली पाल दिवेलागणीला कामावर निघते. ह्या सूर्याबरोबर उठत, दिवसभर उन्हात हिंडत आणि सांज झाली की निजत. आणि रंगाने हिरव्या.

त्यांतली एक व्यापाऱ्याने नगरशेठांना भेट दिली. शेठांनी तिचा थाट राजकन्येसारखा ठेवला. अकराव्या दिवशी ती मेली. शेजारी चांदीची वाटी पाण्याने काठोकाठ भरलेली, आणि पाल मात्र वाळल्या शेंगेसारखी.

व्यापारी हादरला. बंदरामागच्या टेकडीवर एक वृद्ध आचार्य राहत. जखमी पाखरे, पाय मोडलेली वासरे, कोणी काही घेऊन आले तरी ते नाही म्हणत नसत. त्यांच्यापाशी जाऊन तो म्हणाला, "गुरुजी, एक गेली. दुसरीही खंगत चाललीय. गलबताची शिडं शिवून व्हायला नऊ दिवस आहेत. तुमच्याकडे तिची सोय झाली तर ठेवा, नाहीतर परत नेऊन तिच्या बेटावर सोडतो. पण वाटेतच जाईल, असं वाटतं."

आचार्यांनी आपल्या शिष्याकडे पाहिले. त्र्यंबक तीन वर्षे त्यांच्याकडे होता. मुळ्या वाळवणे, वाफे खणणे, पिंजरे धुणे हे सारे त्याने केले होते. पण एक जीव पूर्णपणे त्याच्यावर सोपवलेला आहे, असे अजून कधी घडले नव्हते.

"ही तुझी," आचार्य म्हणाले. "नऊ दिवसांत घर तयार कर. मी पाहीन आणि ठरवीन."

त्र्यंबकाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आनंद झाला की तो त्याच्या कानांवरच दिसत असे.

आश्रमात स्वयंपाक करणारी तुळसाक्का हे ऐकत उभी होती. "चार आयत्या पाली आहेत की माझ्या चुलीमागं! त्यांना झाडूनं हाकलायचं आणि समुद्रापलीकडून नवी आणायची, होय? आणि ही चुकचुकली तर खरं मानायचं की खोटं, तेही विचारून घ्या त्या बेटावरच्यांना."

त्र्यंबक हाताचा कुशल. त्याने सुताराकडून तीन हात लांबीची पेटी करवून घेतली. दोन्ही टोकांना सागवानी फळ्या, समोर काच, वर बारीक जाळी आणि जाळीत एक दार. मग तो आतल्या कामाला लागला. नदीतली वाळू सात पाण्यांनी धुऊन अंथरली. तिच्यावर शेवाळाचे गालिचे. गोल गोट्यांची पाऊलवाट. मध्ये तांब्याचे ताम्हन पुरून तळे केले, तळ्यावर काड्यांचा पूल. एका कोपऱ्यात इवलेसे तुळशीवृंदावनही बांधले, पालीने प्रदक्षिणा घालावी म्हणून की काय, कोण जाणे. खाण्यासाठी एका मडक्यात सडकी केळी ठेवून चिलटे वाढवली.

"मी जन्मभर चिलटं मारली," तुळसाक्का म्हणाली, "आणि हा मेला त्यांचं बाळंतपण करतोय!"

पण पेटी पाहिली तेव्हा तिचाही आवाज उतरला. "पालीला नाही आवडलं तर सांग रे. मी येते राहायला."

बातमी पसरली. लोक टेकडी चढून येऊ लागले. कोणी पूल वाखाणला, कोणी तळे. घरात नवे कोणी येणार म्हटले की आपण असेच करतो. भिंती रंगवतो, पडदे बदलतो, शेजाऱ्यांना बोलावून दाखवतो. आणि येणारीचे पाऊल कुठे टेकते, ते विचारायचे तेवढे राहून जाते.

आठव्या दिवशी सकाळी आचार्य आले. त्यांनी पेटी समोरून पाहिली, वाकून पाहिली. त्र्यंबक शेजारी उभा. कानांच्या पाळ्या आधीच लाल.

"सुंदर आहे," आचार्य म्हणाले.

आणि मग त्यांनी पेटीच्या एका टोकाखाली दोन्ही हात घातले, ते टोक वर उचलले आणि पेटी सरळ उभी करून ठेवली.

वाळू सरकली. गोटे गडगडत खाली आले, तळे उपडे झाले, पूल मोडला, वृंदावन शेवाळात तोंड खुपसून पडले. नऊ दिवसांतले सात दिवस एका ढिगात जमा झाले.

"काय फुटलं गं बाई?" आतून तुळसाक्का ओरडली.

"काही नाही," आचार्य म्हणाले. "जमीन पडली."

त्र्यंबक काचेशी वाकला. तो म्हणाला, "गुरुजी, चूक होती तर सांगायचं होतंत. मोडायचं कशाला?"

आचार्यांनी त्याचा हात धरून त्याला स्वयंपाकघराच्या दारात नेले. चुलीमागच्या भिंतीवर तुळसाक्काची एक पाल निजून होती.

"हिला जमिनीवर कधी पाहिलंस?"

"नाही."

"आठवून सांग."

"एकदा. आढ्यावरून पडली तेव्हा." एवढे म्हणून त्र्यंबक थांबला.

मग आचार्य शांतपणे बोलले. "आपल्याला जी भिंत, ती हिची वाट. आपल्याला जे आढं, ते हिचं अंगण. तळाशी ही केव्हा पोचते? पडते तेव्हा. बाळा, तू सात दिवस खपून तिची पडण्याची जागा सजवलीस. मन लावून केलंस, त्यात खोट नाही. पण ते घर तुझ्या पायांचं होतं."

त्र्यंबक भिंतीकडे पाहत राहिला. त्या भिंतीला रस्ता म्हणून तो आयुष्यात प्रथमच पाहत होता. मग एकाएकी त्याचा चेहरा उतरला.

"नगरशेठांकडे वाटी भरलेली होती. माझंही तळं तळालाच होतं."

"हो."

"म्हणजे ती... पाण्याशेजारी तहानेनं मेली?"

"खलाशी सांगतात, तिच्या बेटावर पाणी साठून राहत नाही. पानापानावर लटकतं. लटकलेलं पाणी ती चाटते. वाटीतलं पाणी तिला पाणीच वाटलं नसेल."

त्र्यंबक तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या हातून जे होणार होते, ते त्याला आता स्पष्ट दिसत होते. तुळसाक्काने न बोलता त्याच्या हातात गुळाचा खडा ठेवला.

एकच दिवस उरला होता. ढीग उपसून त्याने पेटी रिकामी केली आणि उभीच ठेवली. बोटभर जाडीपासून मनगटाएवढ्या जाडीपर्यंतचे बांबू आणून आत उभे रोवले. किनाऱ्यावरून केवड्याचे कोवळे रोप आणले; त्याच्या पानांच्या बेचक्यांत पाणी थांबते. जाळीची बाजू पूर्वेच्या खिडकीकडे केली, म्हणजे सकाळचे ऊन काचेतून न तापता जाळीतून येईल. दुपारी आचार्यांनी त्याला प्रत्येक बांबूच्या शेंड्याला आणि बुंध्याला हात लावायला लावला. वर ऊब, खाली गारवा. दोन्ही हवेत, कुठे बसायचे ते तिने ठरवावे.

"आणि एक," ते म्हणाले. "तिला हातात घ्यायचं नाही. कधीच नाही. तिची कातडी भिजल्या कागदासारखी असते. मुठीत धरलीस तर कातडी मुठीत राहील आणि ती निघून जाईल."

"हातातसुद्धा घ्यायची नाही? मग पाळायची म्हणजे काय करायचं?"

"पानं भिजवायची."

नवव्या दिवशी सूर्योदयाला व्यापारी आला. पालीला त्याने बांबूच्या एका नळकांड्यात आणले होते. "तीन दिवस खाल्लेलं नाही," तो हळूच म्हणाला. "शेपूट बघा कशी दोरीसारखी झालीय. शिडं तयार आहेत, गुरुजी. मी दुपारपर्यंत थांबतो."

त्र्यंबकाने गवताची जुडी पाण्यात बुडवून केवड्यावर शिंपडली. नळकांडे आत उभे केले, तोंडाचा बोळा काढला, दार लावले आणि तो मागे सरला.

काही झाले नाही. ऊन जाळीतून आत आले, बांबूच्या शेंड्यावरून एक वीत खाली उतरले. व्यापारी चुळबुळला. "जरा आपटून बाहेर काढू का?"

"तुम्हाला कुणी आपटून गलबतातून काढलं होतं का?" तुळसाक्का दबक्या आवाजात म्हणाली.

पानांवरचे थेंब वाळू लागले. त्र्यंबक उरलेले थेंब मोजत होता. पण पुन्हा शिंपडावे, तर ती बिथरेल. त्याने जुडी हातात घट्ट धरून ठेवली.

आणि मग नळकांड्याच्या काठावर एक हिरवे डोके आले.

त्या हिरव्याला आपल्याकडे शब्द नाही. पोपट त्याच्यापुढे मळका, भाताचे रोप फिके. पाठीवर कोणी बोट टेकवून उठवल्यासारखे कुंकवाचे तीन ठिपके. ती उन्हात आली आणि ते ऊनच हिरवे झाल्यासारखे वाटले. तिने काचेवर एक पाय ठेवला. मग दुसरा. मग ती सरळ काचेवरून, हवेतून चालावे तशी, वर चढू लागली. काचेच्या अलीकडे उभ्या असलेल्या त्र्यंबकाला तिचे तळवे दिसत होते. एकेका बोटाच्या टोकाला नखाएवढी गादी, गादीवर केसाहून बारीक रेघा. आणि गळ्याची पातळ कातडी, जिच्याखाली काहीतरी अविरत धडधडत होते. एवढ्याशा देहात एवढी घाई कशाची, तर जगण्याची.

अगदी वर, केवड्याच्या एका पानाच्या टोकाला शेवटचा एक थेंब राहिला होता. ती त्याच्यापाशी थांबली. मान एका बाजूला कलली. गुलाबी जीभ बाहेर आली.

थेंब गेला. तिने पानाच्या बेचक्यात तोंड घातले आणि ती पीत राहिली. पीत राहिली. मग तिने डोके वर काढले, त्याच जिभेने सावकाश आपला एक डोळा पुसला, मग दुसरा.

"किती तहानली होती गं माझी बाय," तुळसाक्का पुटपुटली. आपण पालीला बाय म्हणालो, हे तिच्या लक्षातही आले नाही.

व्यापाऱ्याने आचार्यांकडे पाहिले. आचार्यांनी त्र्यंबकाकडे पाहिले.

"राहू दे," त्र्यंबक म्हणाला. हे त्याने विचारले नव्हते, सांगितले होते; आणि आचार्यांनी मान डोलावली.

दुपारी गलबत गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्र्यंबक उठला, जुडी भिजवली आणि पेटीपाशी गेला. ती जागी होती. सर्वांत उंच बांबूवर, डोके खाली आणि शेपूट आकाशाकडे करून निवांत बसली होती, आणि आपल्या पापणी नसलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे टक लावून पाहत होती. त्र्यंबक जुडी हातात धरून तसाच थांबला. तिला आत्ता काय दिसत असेल, हे तो मनाशी जुळवू लागला. आणि त्याच्या ध्यानात आले की तिच्या नजरेने ह्या खोलीत उलटे लटकलेले असे एकच कोणी आहे, आणि त्याच्या हातात गवताची ओली जुडी आहे.