कुरणाचं गवत

तुळाजीराव देशमुखाने ठकूबाई धनगरणीची सगळी मेंढरं कोंडवाड्यात घातली, कारण ती त्याच्या कुरणात चरली होती. दर हिवाळ्यात ठकूबाई त्याच कुरणात कळप बसवायची. लेंड्यामुतामुळे जमिनीला कस यायचा, म्हणून तुळाजीरावाचे वडील तिला धान्य देत. मुलाने धान्य बंद केलं, आणि आता त्याला कळपच हवा होता.

चावडीवर गाव जमलं. तुळाजीराव म्हणाला, "माझं गवत खाल्लंस, तेव्हा मेंढरं माझी."

"खाल्लं, सरकार. पण ते वाढलं माझ्या मेंढरांच्या लेंड्यांवर. त्याचं काय देता?"

"वेडी का काय? माझ्या जमिनीत जिरलं ते माझं झालं."

"बरं," ठकूबाई म्हणाली. "मग माझ्या मेंढरांच्या पोटात जिरलं ते माझं झालं."

चावडीवर हशा पिकला. स्वतःच केलेला न्याय तुळाजीरावाला गावासमोर फिरवता येईना. "सोडा तिची मेंढरं," तो खेकसला.

कोंडवाडा उघडला. आत तीन दिवस चारा नव्हता, पाणी नव्हतं. आयांचं दूध आटून कोकरं मरून पडली होती. ठकूबाईने एकेक उचलून घोंगडीत घेतलं.

"एवढं ओझं कुठं नेतेस, बाई?" तुळाजीरावाचा कारभारी हळूच म्हणाला. "इथंच कुरणात पुरून टाक."

"नको, कारभारी. कोकरू कुजलं की त्या जागी गवत दाट येतं. ते ह्यांना कशाला देऊ?"

घोंगडी पाठीवर टाकून ती कळपामागून गावाची शीव ओलांडून गेली.