उबवणीच्या पेटीतल्या दोन 'थांब'

फार जुनी नव्हे, पण वस्तू बोलायच्या तेव्हाची गोष्ट. अंडी उबवायच्या पेटीतल्या नखाएवढ्या चिपमध्ये 'थांब' नावाची आज्ञा राहायची. ऊब पुरेशी झाली की ती दिवा बंद करी. पेटीला नवा पंखा बसला आणि मोठ्या संगणकावर चिपसाठी तयार झालेली पंख्याची लायब्ररी, म्हणजे पंखा चालवणाऱ्या आज्ञांचा गठ्ठा, बिऱ्हाडासकट आली. तिच्यातही एक 'थांब'!

जुन्या-नव्या सगळ्या आज्ञांना एकत्र जोडून चिपमध्ये बसवणारा लिंकर अडून बसला. "'थांब' अशी हाक मारली तर दोघींतून यायचं कोणी? मी नाही जोडत."

"मी इथली जुनी!"

"मग मी काय वाट चुकून आलेय?"

दोघी भांडत राहिल्या. दिवा लागेना, अंडी गार पडू लागली.

तेव्हा पेटीतली पाण्याची वाटी खणखणली, "अगं बायांनो, माझ्या अंगावर बघा, 'साळवी' कोरलंय. लग्नाच्या पंगतीत शंभर वाट्यांत मिसळले, तरी आपल्याच घरी परत आले. पाहुण्यांनी घराण्याचं नाव पुढे लावावं की!"

लायब्ररीतल्या साऱ्या आज्ञांनी नावाआधी 'पंखा' लावलं, आपसात हाका मारतानाही पूर्ण नाव घेतलं. लिंकरने 'थांब' आणि 'पंखा-थांब' शेजारी शेजारी बसवल्या. दिवा लागला, पंखा फिरला.

एकविसाव्या दिवशी सगळ्या अंड्यांतून पिल्लं बाहेर आली, आणि एवढा चिवचिवाट झाला की आजूबाजूची तीन घरं पेटीपाशी गोळा झाली.