उष्ट्याचा नियम

पूर्ण नाव जनार्दन भिकाजी मठकर, वय बहात्तर. जाझच्या जमान्यातले सॅक्सोफोनचे माउथपीस त्यांनी आयुष्यभर जमवले होते. मिरजेतील एका वाचनालयात ते प्रथमच एका मेजावर मांडले होते. उद्घाटनाचे भाषण करायला आलेले अध्यक्ष रावसाहेब इंगळे मेजापाशी थबकले.

"मठकर, परक्यांनी तोंडात धरलेल्या वस्तू या. सगळे उष्टे. उचला हे."

मठकर सावकाश म्हणाले, "उचलतो, रावसाहेब. मात्र आपल्या खिशातले भाषणही परत द्यावे. काल आपल्या कारकुनाला ते मीच सांगितले; त्यातला शब्द न् शब्द माझ्या तोंडचा आहे."

सभागृह भरले होते. रावसाहेबांचा हात खिशावरच राहिला.

"राहू द्या ते मेज," ते पुटपुटले.

त्यानंतर रावसाहेब आपली भाषणे स्वतः लिहू लागले, आणि ती बरीच आखूड झाली.