भरल्या पोटी रडणारे पिल्लू

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या ओसरीवर कापसाचा एक व्यापारी आला. उपरण्याच्या पदरात त्याने काहीतरी जपून धरले होते. पहाटे चार गावांपलीकडच्या वखारीतून त्याच्या गाड्या भरून निघाल्या होत्या, आणि इथे गाठोडी उतरवताना दोन गाठोड्यांच्या बेचक्यात मांजराचे पिल्लू सापडले होते. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, जेमतेम आठवड्याचे. आई तिकडे वखारीतच राहिली. माझ्या हातून याचे काही होणार नाही, आणि टाकून द्यायला मन धजत नाही, असे म्हणून व्यापाऱ्याने ते वैद्यांपुढे ठेवले आणि तो गेला.

वैद्यांजवळ निळकंठ नावाचा एक शिष्य होता. वय पंचविशीच्या आसपास. त्याची नाडीपरीक्षा अचूक होती, हात हलका होता. एकच गोष्ट त्याला जमत नसे. रोगी रडू लागला की तो कासावीस होई, आणि ते रडणे थांबावे म्हणून घाईने काहीतरी पुढे करी. कधी चाटण, कधी गोळी, कधी नुसतेच 'होईल हो बरे'. गुरुजींच्या हे ध्यानात आले होते, पण ते कधी बोलले नव्हते.

पिल्लाचे अंग गार पडले होते. निळकंठ दूध आणायला उठला, तेव्हा गुरुजींनी त्याला थांबवले. गारठलेल्या अंगाला दूध पचत नाही, आधी ऊब दे, असे त्यांनी सांगितले. निळकंठाने ते आपल्या छातीशी धरून वर उपरणे घेतले. बऱ्याच वेळाने त्याला उघड्या अंगावर बारीकशी हालचाल जाणवली. मग पाणी घातलेले बकरीचे कोमट दूध, कापसाच्या वातीने, थेंब थेंब, पिल्लाला पालथे धरून. त्यानंतर ओल्या गरम फडक्याने त्याची शेपटीखालची जागा पुसायची, कारण एवढ्याशा पिल्लाला आईने चाटल्यावाचून शू-शीही होत नाही. हे सारे गुरुजींनी एकदाच दाखवले. पुढचे निळकंठ करू लागला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी त्याला त्या वखारीकडे पाठवले. जिचे तिला मिळाले तर त्याहून चांगले काय, असे ते म्हणाले. निळकंठ पिल्लू झोळीत घेऊन, वाटेत दूध पाजत दुपारी तिथे पोहोचला. वखार रिकामी होती. राखणदाराने सांगितले, "काल दिवसभर हाका मारत फिरली बघा. गाड्या ज्या वाटेनं गेल्या त्या वाटेवर जाऊन बसायची, पुन्हा आत येऊन हुंगायची. आज सकाळपासून दिसली नाही."

निळकंठाने उन्हे कलेपर्यंत कुंपणे धुंडाळली, आजूबाजूच्या घरी विचारले. मांजरी सापडली नाही. परतीच्या वाटेवर त्याच्या डोळ्यांपुढे ती मांजरी येत होती, रिकाम्या वाटेवर बसलेली.

पिल्लू मात्र जगले. त्याचे डोळे उघडले, अंग भरू लागले. पण एक गोष्ट काही सुटेना. पोटभर पिऊन झाले की ते निळकंठाच्या धोतराच्या चुण्यांत तोंड खुपशी, पुढच्या पंजांनी कापड दाबी, चोखून पाही, आणि तिथे काही न मिळून रडू लागे. निळकंठ पुन्हा वात भिजवी. एकदा अशा जादा दुधाने पिल्लाचे पोट फुगले आणि दोन दिवस ते जगते की मरते असे झाले. तरीही त्याचे रडणे ऐकले की निळकंठाचा हात दुधाच्या वाटीकडेच जाई.

एके सकाळी असेच झाले. ओसरीवर रोगी बसले होते, आणि पिल्लू भरल्या पोटाने रडत होते. निळकंठ वैतागून त्याला म्हणाला, "तुला इथे काय कमी आहे रे?"

शब्द तोंडातून गेले आणि तो स्वतःच थबकला.

गुरुजी आतून बाहेर आले. त्यांनी त्याच्या हातातली वाटी घेतली आणि त्यातले दूध अंगणात ओतून दिले. रोग्यांना म्हणाले, "आज निळकंठाला दुसरं काम आहे. तुम्हाला मी बघतो." मग शिष्याकडे वळून त्यांनी सांगितले की पिल्लाला मांडीवर घे, आणि ते आपण होऊन थांबेपर्यंत बसून राहा. दूध द्यायचे नाही, थोपटायचे नाही, उगी उगी म्हणायचे नाही.

निळकंठाला हे निष्ठुर वाटले. पण आज्ञा होती, म्हणून तो बसला. पिल्लू त्याच्या तळव्यात, कोपरात, पोटाशी शोधत राहिले आणि रडत राहिले. आपल्या हातात याला द्यायला काहीच नाही, हे त्याला इतके स्पष्ट कधी कळले नव्हते. कितीतरी वेळाने पिल्लू दमले, त्याच्या मनगटावर हनुवटी टेकून शांत झाले. तोवर निळकंठाचे उपरणे त्याच्याच आसवांनी भिजले होते.

रोगी गेल्यावर गुरुजी शेजारी येऊन बसले. इथे काय कमी आहे, असे तुला कोण म्हणाले होते, एवढेच त्यांनी विचारले.

तेव्हा निळकंठाने सांगितले. तिसऱ्या वर्षी त्याला दूरच्या चुलत घरी दत्तक दिले होते. त्या घरी त्याला कशाची वाण नव्हती. दहाव्या वर्षी त्याची जन्मदात्री वारल्याची बातमी आली. तो रडू लागला, तेव्हा दत्तक आईने त्याला पोटाशी धरून विचारले होते, उगी, तुला इथे काय कमी आहे? खरोखरच काही कमी नव्हते. म्हणून तो गप्प झाला, आणि त्यानंतर त्या आठवणीचीही त्याला लाज वाटू लागली.

गुरुजी म्हणाले, "बाळा, भूक भागवता येते. ओढ भागवता येत नाही. ज्याची ओढ आहे ते या जगात उरलेलं नसलं, तरी ती राहते. तिला आपण भूक समजून काहीबाही भरवत बसतो, आणि त्यानं पोट तेवढं बिघडतं. ओढ लागलेल्याला देण्यासारखी एकच गोष्ट आपल्याजवळ असते. तो रडत असताना आपण उठून जायचं नाही."

पिल्लू बशीतले दूध चाटू लागले, तेव्हा निळकंठाने त्याला गुरुजींच्या हवाली केले आणि दोन दिवसांची रजा घेऊन तो घरी गेला. दत्तक आई अंगणात डाळ निवडत होती. तो तिच्याजवळ बसला. तिच्यासोबत खडे वेचू लागला. मग म्हणाला, "आई, मला तिची आठवण येते. चेहरासुद्धा आठवत नाही, तरी येते."

म्हातारीने सूप खाली ठेवले. तिला वाईट वाटेल, हीच भीती त्याने पंधरा वर्षे बाळगली होती. पण ती सावकाश बोलू लागली.

"लहानपणी तू मऊ भात नि मेतकूट रोज मागायचास. ते मेतकूट तीच करून पाठवायची. सांगू नका म्हणायची, पोर इथं रुळू दे. ती गेली तेव्हा मी तसंच भाजलं, तसंच दळलं. तू एक घास खाल्लास आणि ताट सारलंस. त्यानंतर कधी मागितलं नाहीस." तिने डोळ्यांना पदर लावला. "मला तेव्हाच कळलं होतं रे. तू विचारशील म्हणून वाट पाहत राहिले. उगी म्हटलं ते चुकलंच माझं."

निळकंठ तिच्या आणखी जवळ सरकला. सुपातली डाळ तशीच राहिली.

"दिसायला कशी होती ती?" त्याने आयुष्यात पहिल्यांदा विचारले.

आणि आई सांगू लागली.