फुंकर मारून विचारायचं फूल

एक होता डोंगर, बरं का. राजा मागून येतो, आधी डोंगर. इतका उंच, की झाडंसुद्धा अर्ध्या वाटेत दमून थांबलेली. आधी देवदार थांबले, मग झुडपं थांबली, मग गवत थांबलं. त्याच्यावर नुसते दगड, वारा आणि आठ-आठ महिने बर्फ. अन्वी, पाय आत घे. ऐकूनच थंडी वाजते.

तर त्या दगडांत एक फूल राहायचं. मेंढपाळ त्याला म्हणायचे लोकरी.

लहानपणी लोकरी म्हणजे काहीच नाही. चार हिरवी पानं, दगडाला गाल लावल्यासारखी चिकटलेली. मान वर काढली तर वारा उपटून नेईल ना, म्हणून. पण खाली मूळ असायचं हातभर लांब, फटीतून आत आत गेलेलं. सहा वर्षं ते रोप एवढंच करायचं. मूळ खाली धाडायचं आणि गप्प बसायचं. मग सातव्या वर्षी बर्फ वितळलं की मधून मुठीएवढा गोळा वर यायचा. पांढराशुभ्र, अंगभर लोकर, जसं काही कोकरूच. लोकरीच्या आत इवली इवली जांभळी फुलं. बाहेर गारा पडल्या तरी आत ऊब. हुडहुडी भरलेले भुंगे तिथे येऊन बसायचे. मग बी धरायचं, बी वाऱ्यावर उडायचं आणि रोप वाळून जायचं. एकदाच फुलायचं ते. दुसरी खेप नाही.

डोंगराच्या पायथ्याशी साळू नावाची मेंढपाळीण आणि तिची आई लकाबाई राहायच्या. लकाबाईला दमा होता. थंडी पडली की तिची छाती भात्यासारखी वाजायची. मग साळू दसऱ्याच्या सुमाराला वर जायची आणि वाळलेली लोकरी आणायची. तिचा काढा घेतला की श्वास मोकळा.

पण तोडायची एक रीत होती. आधी फुंकर मारायची. पांढऱ्या म्हाताऱ्या उडाल्या तर समजायचं, बी तयार आहे, रोप हो म्हणालं. नाही उडाल्या तर हात जोडायचे आणि रिकामं परत फिरायचं.

मग आता राजा. राजाच्या लेकीलाही तोच दमा. राजाचा कारभारी घोड्यावरून आला. साळूने घरातली अर्धी लोकरी काढून दिली. राजकन्येला बरं वाटलं. साळूला केवढा आनंद.

मग कारभारी दुसऱ्यांदा आला. म्हणाला, "महाराजांना ही बागेतच हवी." साळूने दोन लहान रोपं मुळासकट काढून दिली. माळ्यांनी त्यांना काळी माती घातली, शेणखत घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, वर मखमलीचं छत बांधलं. आठ दिवसांत पानं उकडलेल्या भाजीसारखी मऊ झाली. लाडाने गेली बिचारी.

मग कारभारी तिसऱ्यांदा आला. या खेपेला पन्नास माणसं आणि पोती घेऊन. दिवस श्रावणाचे. सगळा उतार पांढरा झालेला.

"पोरी, वाट दाखव."

साळू म्हणाली, "अजून बी धरलं न्हाई. दसऱ्याला या. आन् तवाबी फुंकर मारून बघाया लागतं."

"म्हणजे झाडाला विचारायचं?" कारभारी म्हणाला. "मग ते काय म्हणतं? या, बसा, ताक घ्या?"

पन्नास माणसं खो खो हसली. साळूचे कान लाल झाले. आणि मग काय झालं, तीही हसली. म्हणाली, "तसं काय न्हाई. म्हाताऱ्या बायांचं कायतरी आसतं."

इथे मला दर वेळी वाटतं, साळूने जरा थांबावं. नाही थांबत. वाट दाखवायला पुढे होते.

दुपारपर्यंत उतार रिकामा झाला. गोळे पोत्यांत गेले. आणि पन्नास जणांच्या वहाणांखाली दगड सरकले, लहान रोपं चिरडून गेली. ती कुणाला दिसलीच नाहीत. पानंच ती नुसती. तिकडे राजवाड्यात ओल्या लोकरीला बुरशी आली आणि पोतीच्या पोती फेकून दिली. राजकन्या वयाबरोबर आपोआप बरी झाली. घोड्यावर बसायला लागली म्हणे.

काय वाजलं? भांडं असेल. हं, भांडंच.

पुढच्या वर्षी साळू वर गेली तर काही नाही. शोधून शोधून एका कपारीत एक रोप सापडलं, एवढंसं. साळूने त्याच्याभोवती दगड रचले.

आई विचारायची, "औंदा लोकरी न्हाई का गं?"

"बर्फ लई हुतं, आये."

पुढच्या वर्षी म्हणाली, वारा लई हुता. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाली, वाट खचली. खरं काही सांगवेना. आणि लकाबाई आधी वाड्यापर्यंत, म्हणजे मेंढरांच्या कुंपणापर्यंत, जायची थांबली. मग मेंढरांना हाळी घालायची थांबली. मग एका श्वासात तीनच शब्द बोलायला लागली.

अशी सहा वर्षं गेली. मग कपारीतलं रोप फुललं. एकच.

साळू विळा घेऊन वर गेली. फुंकर मारली. काही उडालं नाही. विळा कमरेला खोचला, हात जोडले, खाली आली. पंधरा दिवसांनी परत गेली. फुंकर मारली. नाही उडालं. घरी आई भिंतीला टेकून बसलेली, तिला आडवं होता येत नव्हतं. तिसऱ्यांदा साळू गेली तेव्हा तिने आधी देठच धरला. तोडला असता तर कुणाला कळलं असतं? वारा होता आणि ती होती. बराच वेळ देठ धरून बसली. मग हात सोडला आणि फुंकर मारली.

उडालं. शेकडो म्हाताऱ्या उतारभर पसरल्या. काही साळूच्या केसांत अडकल्या, त्याही तिने दगडांवर झटकल्या. मग वाळकं रोप घेऊन खाली आली.

एका रोपाचा काढा तो किती? वाटीभर. लकाबाईची छाती निम्मी मोकळी झाली. निम्मी नाही झाली, ती कधीच नाही झाली. सहा वर्षं बसलेला दमा तो.

तेव्हा साळू म्हणाली, "आये, लोकरी माझ्यामुळं संपली. कारभारी फुंकरीला हसला, तवा मीबी हसले. रीत खोटी म्हनाले."

लकाबाईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "कसा हसला गं?"

"आता ते कशाला, आये?"

"दाव की."

मग साळूने पोट पुढे काढलं, मिशीवर हात फिरवला आणि कारभाऱ्यासारखी म्हणाली, "या, बसा, ताक घ्या?" लकाबाईला हसू आलं. पण हसायला दम पुरेना. अर्ध्यातच खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. साळू तिची पाठ चोळत राहिली, आणि लकाबाई तिच्या गुडघ्यावर थोपटत राहिली. रागावली नाही. रागावली असती तर साळूला बरं वाटलं असतं.

मग काय? राजा त्याच्या वाड्यात सुखात राहिला, राजकन्या घोड्यावर सुखात राहिली, आणि मायलेकी निम्म्या श्वासात, पण सुखातच राहिल्या. उतारावर आता चार-चार पानं दगडाला चिकटून बसलीत म्हणे. त्यांना फुलायला पुष्कळ वर्षं आहेत. आपल्याला सकाळी उठायचंय. गाल उशीला लावा आणि निजा बघू.