सोंगातला आवाज

"पण खोटा संदेष्टा ओळखायचा कशावरून, बाई?"

शद्रखने कपाळावरचा घाम पुसला. हन्नाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. मिशनच्या शाळेत त्यांनी चाळीस वर्षं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवलं होतं; शद्रखला आणि त्याच्या बापालाही.

"तू तर ओळखलंस," त्या म्हणाल्या. "अख्ख्या मंडळीला दाखवून दिलंस."

ते खरं होतं. महिन्यापूर्वी गावात पांढऱ्या कोटातला एक उपदेशक आला होता. औषधाच्या गोळ्या फेका, विश्वास धरा, असं गरजत फिरत होता. शद्रख हायस्कुलात मराठीचा मास्तर. जुन्या वाङ्मयातली लबाड साधूंची विडंबनं त्याला तोंडपाठ. त्याच धर्तीवर त्याने उपदेशकाची प्रार्थना रचली, आणि सुगीच्या सणाला पांढरा कोट चढवून चर्चच्या मंडळीपुढे म्हणून दाखवली. माणसं पोट धरून हसली.

मंडळीतली तबीथाबाई हसली नाही. घरी जाऊन तिने नवऱ्याच्या फिटवरच्या गोळ्या चुलीत टाकल्या. आता तो जिल्ह्याच्या दवाखान्यात होता. तीन दिवस त्याला शुद्ध नव्हती.

"मी सांगितलं तिला, ते सोंग होतं म्हणून," शद्रख म्हणाला. "तर म्हणते, सोंग असेल गुरुजी, पण माझ्या अंगावर काटा आला तो काय खोटा?"

तो खिडकीशी येऊन उभा राहिला. "आज सकाळपासून माझ्या दारात चार माणसं बसलीत. डोक्यावर हात ठेवून बरं करा म्हणतात."

"ठेवलास?"

"नाही! मागच्या दाराने इकडे आलो." त्याचा आवाज जरा ताठ झाला. "जुन्या संदेष्ट्यांनीही मूर्तीच्या पुजाऱ्यांची टिंगल केलीच की. शास्त्रातच आहे. मग माझं काय चुकलं?"

"तबीथा त्या दिवशी कुठं बसली होती?"

"पुढंच. दुसऱ्या रांगेत."

"दिसत होती?"

"दिसत होती. डोळे मिटले होते तिने. ओठ हलत होते."

"मग तू काय केलंस?"

"आवाज आणखी चढवला."

हन्नाबाईंनी फळीवरची डबी काढली. आपल्या हृदयाच्या गोळ्या तळहातावर ओतल्या आणि हात खिडकीबाहेर धरला. खाली गटार वाहत होतं.

"ती प्रार्थना म्हण. त्या उपदेशकाच्याच आवाजात."

"बाई, थट्टा नको."

"म्हण."

त्यांनी डोळे मिटले. सुरकुतलेल्या पापण्या जरासुद्धा थरथरल्या नाहीत. शद्रखला कळलं, ही बाई खरंच हात उपडा करील.

आणि तेवढ्यात तो आवाज आला. न बोलावता. त्याच्या छातीतून वर, गळ्यात, उबदार, तयार. पहिला शब्द जिभेवर येऊन बसला. गोड होता.

त्याने एका हाताने स्वतःचं तोंड दाबलं आणि दुसऱ्याने बाईंची मूठ आवळून आत ओढली. तरी दोन गोळ्या सांडल्याच.

तो खालीच बसला.

"मला माझीच भीती वाटते, बाई..."

हन्नाबाईंनी उरलेल्या गोळ्या मोजल्या नाहीत. तशाच डबीत भरल्या.

"दवाखान्यात जा. तबीथाजवळ बस. आणि ही भीती वाटेत सोडून जाऊ नकोस."